पेलेट शेगडी घेण्याआधी पाहावे धुराडे

इटलीच्या उत्तरेकडील पो नदीच्या खोऱ्यात थंडीची चाहूल लागली की मोठ्या दुकानांच्या दाराशी पंधरा-पंधरा किलोंच्या प्लास्टिक पोत्यांच्या थप्प्या रचल्या जातात. पोत्यांत असतात लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, करंगळीहून बारीक कांड्या. त्यांना पेलेट म्हणतात. त्या ज्या शेगडीत जळतात, ती पेलेट शेगडी हे तेथील असंख्य घरांचे हिवाळ्यातील मुख्य वा पूरक उष्णतासाधन आहे. घरगुती पेलेट शेगड्यांची युरोपातील सर्वांत मोठी बाजारपेठ इटलीच मानली जाते. पहिल्यांदा शेगडी घेणारे कुटुंब दुकानात तिचा रंग, काच, दूरनियंत्रक आणि किंमत पाहते. तिचे यशापयश मात्र दुकानात न दिसणाऱ्या तीन गोष्टींवर ठरते : घराचे धुराडे, विजेची जोडणी आणि इंधनाचा दर्जा.

ही शेगडी मूळची अमेरिकेची. १९७० च्या दशकातील तेलसंकटानंतर लाकूड गिरण्यांतील भुशापासून इंधन बनवण्याचे प्रयत्न वाढले आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी वॉशिंग्टन राज्यात जेरी व्हिटफिल्ड या अभियंत्याने घरगुती वापराची पेलेट शेगडी विकसित केली. पुढे इटालियन उत्पादकांनी तिला दिवाणखान्यात शोभेल असे रूप दिले.

तिची रचना लाकडाच्या साध्या शेगडीपेक्षा पूर्णपणे वेगळी आहे. पाठीमागच्या टाकीत पेलेट ओतले जाते. टाकीच्या तळाशी विजेच्या मोटरवर फिरणारा मळसूत्री दांडा असतो. तो ठरावीक वेळाने थोड्या कांड्या छिद्रे असलेल्या लोखंडी ज्वलनपात्रात टाकतो. विजेने तापणारी कांडी त्यांना पेटवते. एक पंखा ज्वलनासाठी हवा ओढून धूर बाहेर लोटतो, तर बहुतेक नमुन्यांतील दुसरा पंखा तापलेली हवा खोलीत सोडतो. किती कांड्या टाकायच्या आणि पंखा किती वेगाने फिरवायचा, हे विद्युत पट्टिका ठरवते. लाकडाची शेगडी माणूस सांभाळतो, पेलेटची शेगडी यंत्र सांभाळते. हीच तिची सोय आहे आणि तिच्या बहुतेक अडचणीही येथूनच सुरू होतात. दोन पंखे आणि एक मोटर यांचा आवाज होतोच. निःशब्द तेवणाऱ्या अग्नीची कल्पना मनात धरून खरेदी करणाऱ्यांचा पहिला अपेक्षाभंग बहुधा याच बाबतीत होतो.

क्षमता निवडताना मोठी शेगडी म्हणजे चांगली शेगडी हा समज महागात पडतो. उत्तर इटलीतील मध्यम उष्णतारोधन असलेल्या घरासाठी दर घनमीटरला सुमारे ३५ वॉट असा ढोबळ हिशेब केला जातो. ८० चौरस मीटर क्षेत्र आणि २.७ मीटर उंची धरल्यास सुमारे साडेसात किलोवॉट एवढी गरज निघते. तेथे १२ किलोवॉटची शेगडी बसवली, तर ती सतत मंद आचेवर चालते किंवा वारंवार विझते आणि पेटते. मंद आचेत ज्वलन अपुरे राहते, काच काळवंडते, नळीत काजळी साचते आणि पेटवणारी कांडी लवकर निकामी होते. आठ किलोवॉटची शेगडी पूर्ण क्षमतेने चालताना तासाला दोन किलोंपेक्षा थोडे कमी पेलेट खाते. म्हणजे एक पोते सुमारे आठ तास पुरते. मंद आचेवर तेच दिवसभर चालू शकते. शिवाय उष्ण हवा बंद दारांतून आणि जिन्यांतून आपोआप घरभर फिरत नाही. दूरच्या खोल्याही तापवायच्या असतील तर हवेच्या नळ्या जोडता येणारी किंवा पाणी तापवून रेडिएटरना पुरवणारी शेगडी लागते, आणि अशी शेगडी बसवणे हे स्वतंत्र व बरेच खर्चिक काम ठरते.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न धुराड्याचा आहे. पेलेट शेगडीच्या धुराची नळी अवघी ८ ते १० सेंटिमीटर व्यासाची असते आणि धूर पंख्याने ढकलला जातो. त्यामुळे भिंतीला भोक पाडून नळी बाहेर काढली की झाले, असे पुष्कळांना वाटते. अमेरिकेत उत्पादकाने आखून दिलेली अंतरे पाळून अनेक नमुन्यांचा धूर भिंतीतून बाहेर सोडण्याची मुभा असते. इटलीत मात्र धूर छपरावर नेणे हाच सर्वसाधारण नियम आहे. त्यामागे शेजाऱ्यांच्या खिडक्यांचा विचार आहे, तसेच एक भौतिक कारणही आहे. वीज गेली की पंखा थांबतो, पण पात्रातील कांड्या आणखी काही मिनिटे धुमसत राहतात. उभ्या आणि गरम धुराड्यात धूर स्वतःच्या उष्णतेने वर ओढला जातो. आडव्या नळीत ही ओढ नसते आणि धूर खोलीत परतण्याचा धोका निर्माण होतो. म्हणून आडवा भाग शक्य तितका आखूड असावा आणि त्याला वरच्या दिशेने किमान तीन टक्के चढ द्यावा. नळी जेथे उभी होते तेथे राख काढण्यासाठी उघडता येणारे झाकण असावे.

घरात जुने विटांचे धुराडे असेल तर काम सोपे झाले असे वाटते, परंतु तेथेही सावधगिरी लागते. लाकडासाठी बांधलेले धुराडे रुंद असते. पेलेटचा धूर तुलनेने थंड असल्याने अशा रुंद पोकळीत तो आणखी निवतो, बाष्प भिंतींवर जमते आणि ओढ मंदावते. अशा वेळी जुन्या धुराड्यात पोलादी नळी उतरवावी लागते. त्याआधी ते साफ करून आतून तपासणे आवश्यक असते. गॅस बॉयलरचे किंवा स्वयंपाकघराचे धुराडे सामायिक वापरता येत नाही. अनेकदा शेगडीच्या किमतीइतकाच खर्च या एकट्या कामावर होतो आणि दुकानातील किंमतपट्टीवर तो कोठेच लिहिलेला नसतो. म्हणून धुराड्याची पाहणी करून अंदाजपत्रक हाती येईपर्यंत शेगडीची आगाऊ रक्कम भरू नये, हे उत्तम.

धूर बाहेर जातो तितकी हवा आत यावी लागते. नव्या, घट्ट बसणाऱ्या खिडक्यांच्या घरात ती कोठून येणार, हा प्रश्न बहुधा कोणी विचारत नाही. शेगडीसाठी भिंतीत बंद न होणारे हवेचे छिद्र ठेवावे लागते किंवा बाहेरची हवा नळीने थेट शेगडीला जोडावी लागते. त्याच खोलीत स्वयंपाकाचा धूर ओढणारा शक्तिशाली पंखा असेल तर तो खोलीतील दाब कमी करून शेगडीचा धूर उलटा खेचू शकतो. त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो आणि वासही नसतो. डोकेदुखी, मळमळ आणि गुंगी ही त्याची लक्षणे सर्दी-तापासारखी वाटतात. या वायूची सूचना देणारा भोंगा शेगडीच्या तुलनेत अगदी स्वस्त असतो. तो त्याच खोलीत आणि झोपण्याच्या खोलीजवळ बसवणे ही चैन मानू नये.

विजेचा भार तसा किरकोळ असतो. पेटवताना काही मिनिटे तीन-चारशे वॉट आणि नंतर साधारणपणे शंभर वॉटच्या आत. मात्र वीज नसेल तर शेगडी नाही, हे पक्के ध्यानात ठेवावे. तिच्या नाजूक विद्युत पट्टिकेला शुद्ध साइन लहर देणारा इन्व्हर्टर लागतो. जमीन लाकडी असल्यास शेगडीखाली काचेचा किंवा पोलादाचा पत्रा हवा. मागे आणि बाजूंना उत्पादकाने सांगितलेले अंतर सोडावे आणि समोर साधारण एक मीटरपर्यंत पडदे वा सोफा नसावा. इटलीत काम पूर्ण झाल्यावर बसवणारा तंत्रज्ञ नियमपूर्ततेचे लेखी प्रमाणपत्र देतो. पहिली पेटवणी बहुधा उत्पादकाने अधिकृत केलेला तंत्रज्ञ करतो आणि धुराड्याच्या ओढीनुसार हवा व इंधनाचे प्रमाण जुळवतो. हे कागद विमा आणि हमी यांच्या दृष्टीने मोलाचे असतात. जर्मनीत तर धुराडे तपासणाऱ्या अधिकृत व्यावसायिकाने पाहणी केल्याशिवाय नवी शेगडी वापरात आणता येत नाही.

इंधनाच्या बाबतीत युरोपातील ग्राहकाला एक मोठा आधार आहे, तो म्हणजे ‘ईएन प्लस ए-१’ ही दर्जाखूण. या दर्जाच्या पेलेटमध्ये ओलावा १० टक्क्यांपेक्षा आणि राख ०.७ टक्क्यांपेक्षा जास्त असून चालत नाही. किलोमागे किमान ४.६ किलोवॉट-तास उष्णता मिळावी लागते. म्हणजे एक पूर्ण पोते जाळल्यावर जेमतेम शंभर ग्रॅम राख उरावी. भिजलेले पेलेट फुगून पुन्हा भुसा होतो आणि मळसूत्री दांडा अडतो, म्हणून साठा कोरड्या जागीच हवा. ताज्या पेलेटच्या मोठ्या, बंदिस्त साठ्यातही कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. युरोपात अशा साठवण खोल्यांत शिरलेल्या व्यक्ती दगावल्या आहेत. पोत्यांतील साठ्याला हा धोका कमी असला तरी तळघरात तो रचताना हवा खेळती ठेवावी.

इंधन स्वस्तच राहील, हे गृहीतक २०२२ मध्ये कोसळले. युक्रेनवरील आक्रमणानंतर युरोपीय संघाने रशियातून येणाऱ्या लाकडी उत्पादनांवर बंदी घातली. त्याच वेळी नैसर्गिक वायू महागल्याने पेलेटची मागणी उसळली. इटली आपल्या गरजेचे बहुतांश पेलेट आयात करतो. तेथे चार-पाच युरोंना मिळणारे पोते त्या वर्षीच्या शरद ऋतूत दहा युरोंच्या वर गेले. सरकारने २०२३ साठी पेलेटवरील मूल्यवर्धित कर २२ वरून १० टक्क्यांवर आणला. पुढे भाव उतरले, पण हिवाळ्याचा साठा उन्हाळ्यातच घेऊन ठेवण्याची सवय अनेक कुटुंबांना त्या वर्षाने लावली.

प्रदूषणाचा हिशेबही मांडावा लागतो. पो खोऱ्याला तीन बाजूंनी आल्प्स आणि अपेनाइन पर्वतांनी वेढले आहे. हिवाळ्यात हवा साचून राहते आणि थेट उत्सर्जित होणाऱ्या सूक्ष्म कणांत घरगुती लाकूडज्वलनाचा वाटा मोठा असतो. इटलीने २०१७ मध्ये अशा उपकरणांसाठी एक ते पाच ताऱ्यांची प्रतवारी आणली. लोम्बार्दी, व्हेनेतो, पिएमोन्ते आणि एमिलिया-रोमान्या या प्रदेशांत किमान चार तारे असल्याशिवाय नवी शेगडी बसवता येत नाही. काही ठिकाणचे निकष याहून कडक आहेत. संपूर्ण युरोपीय संघात १ जानेवारी २०२२ पासून नव्या पेलेट शेगड्यांना किमान ७९ टक्के हंगामी कार्यक्षमता बंधनकारक आहे. उघड्या चुलवणापेक्षा पेलेट शेगडी कितीतरी स्वच्छ आहे, यात शंका नाही. तिला निर्धूर म्हणणे मात्र विक्रेत्याची अतिशयोक्ती आहे.

भारतात हा विषय हिमालयीन भागांपुरता असला तरी तेथे तो जिवाचा प्रश्न आहे. काश्मीर, लडाख आणि हिमाचल प्रदेशात लाकूड, कोळसा किंवा रॉकेलवर चालणारी बुखारी पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. बंद खोलीत उष्णतेच्या साधनांमुळे गुदमरून मृत्यू झाल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. जानेवारी २०२५ मध्ये श्रीनगरच्या पांद्रेठण भागात एकाच कुटुंबातील पाच जणांचा असाच अंत झाला. धूर बाहेर नेणारी, व्यवस्थित बसवलेली पेलेट शेगडी या पार्श्वभूमीवर आकर्षक पर्याय ठरते. परंतु काश्मीरमध्ये हिवाळ्यात नद्यांचे पाणी घटून जलविद्युत निर्मिती कमी होते आणि वीजकपात वाढते, नेमकी तेव्हा, जेव्हा शेगडीला विजेची गरज असते.

इंधनाचा पेच याहून अवघड आहे. देशात पेलेट तयार होते, पण त्याचा मोठा ओघ कारखान्यांचे बॉयलर आणि औष्णिक वीज केंद्रांकडे आहे. कोळशात जैवइंधन मिसळण्याच्या केंद्र सरकारच्या धोरणाने ही मागणी वाढवली आहे. हे पेलेट बहुधा शेतातील अवशेषांचे असते. भाताच्या पेंढ्यात १५ ते २० टक्क्यांपर्यंत राख असू शकते. त्याच्या एका पोत्यातून दोन ते तीन किलो राख निघेल आणि त्यातील सिलिका व पोटॅश वितळून ज्वलनपात्रात दगडासारखे खडे बनतील. महाराष्ट्रात पऱ्हाटी, सोयाबीनचे कुटार आणि उसाचे चिपाड दाबून केलेला ‘पांढरा कोळसा’ बॉयलरला चालतो. युरोपीय बनावटीच्या नाजूक शेगडीला मात्र शुद्ध लाकडाचेच पेलेट लागते. म्हणून विक्रेत्याकडे शेगडीची किंमत विचारण्याआधी पेलेट कशाचे आहे, त्यात राख किती आहे आणि फेब्रुवारीत रस्ता बर्फाने बंद झाल्यावर ते कोठून मिळेल, याची चौकशी करावी.

डोंगराळ भागात आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवरील लेहमध्ये हवा विरळ असल्याने पंख्याचा वेग आणि इंधनाचे प्रमाण तेथेच नव्याने जुळवावे लागते. कारखान्यातील मांडणी जशीच्या तशी ठेवल्यास आग काळा धूर सोडते. तसेच भिंतीतून खालच्या बाजूला काढलेले नळीचे तोंड एका रात्रीच्या हिमवर्षावात गाडले जाऊ शकते.

देखभालीचे वेळापत्रक सर्वत्र सारखेच असते. ज्वलनपात्र रोज खरवडायचे, राखेचा डबा गार झाल्यावर झाकणाच्या लोखंडी भांड्यात रिकामा करायचा, आणि वर्षातून एकदा तंत्रज्ञाकडून नळी, पंखे व रबरी-दोरीच्या पट्ट्या तपासून घ्यायच्या. पेटवणारी कांडी ही झिजणारी वस्तू आहे. मिलानमध्ये ती दुसऱ्या दिवशी मिळते. श्रीनगर किंवा मनालीत ती मागवावी लागत असेल, तर पहिल्याच खरेदीत एक जादा कांडी घेऊन ठेवणे आणि ती बदलण्याची रीत तंत्रज्ञाकडून समोर करून घेणे सोयीचे पडते.