थंडीची सवय नसलेलं फूल

लंडनला मुलीकडे राहायला गेलेल्या एका वाचक आजींनी विचारलं आहे: कुंडीतला फ्युशिया नारिंगी-लाल, नळीसारख्या फुलांनी लगडला होता. दहिवर गोठलं त्या एका रात्रीत तो शिजलेल्या पालेभाजीसारखा काळवंडला. पाणी कमी पडलं का?

पडलं, पण मातीत नव्हे, पेशींत. बर्फ आधी पेशींमधल्या फटींत धरतो आणि आतलं पाणी ओढून घेतो. पेशी आक्रसतात, त्यांची पटलं फाटतात. बर्फ वितळला की लगदा उरतो. थंड मुलखातली झाडं दिवस लहान होताच पेशींत साखर साठवतात, पटलांची घडण बदलतात. दक्षिण चिली-अर्जेंटिनातल्या फ्युशिया मॅगेलॅनिकाला ही तयारी बरीच जमते. पश्चिम आयर्लंडमध्ये त्याची कुंपणं आहेत. आजींनी केलेल्या वर्णनावरून त्यांचं झाड फ्युशिया ट्रायफिलाच्या कुळातलं दिसतं. त्याचं माहेर कॅरिबियनमधलं हिस्पॅनिओला बेट. तिथे असा हिवाळाच नाही.

त्याच बेटावर 17व्या शतकाच्या अखेरीस शार्ल प्ल्युमिए या फ्रेंच मठवाशाने ते पाहिलं. या माणसाविषयी मला फार माया आहे. कॅरिबियनच्या तीन सफरी, हाताने काढलेली हजारो चित्रं! 1703 साली ही वनस्पती छापून जगापुढे आणताना नाव दिलं ते जर्मन वैद्य लिओनहार्ट फुक्स यांचं. ते 1566 मध्येच वारले होते. हे फूल त्यांच्या दृष्टीसही पडलं नव्हतं. मॅग्नोलिया, बेगोनिया, लोबेलिया ही नावंही प्ल्युमिएनेच दुसऱ्यांच्या गौरवासाठी दिली. 1704 मध्ये पेरूला निघालेला असताना तो स्पेनच्या किनाऱ्यावर वारला.

आजी, बुंध्याजवळची साल नखाने खरवडून पाहा. आत हिरवं असेल तर जीव आहे. कुंडी लगेच उजेडाच्या, 10 अंशांखाली न जाणाऱ्या जागी घ्या. माती जेमतेम ओलसर ठेवा. निजलेल्या झाडाची मुळं जास्त पाण्याने कुजतात. छाटणी वसंतात, डोळे फुगल्यावर. पुढच्या वर्षी ऑगस्टअखेर दोन-चार कोवळ्या फांद्यांची कलमं करून घरात ठेवा.

आपल्या देवळांच्या आवारातला पांढरा चाफाही मूळचा अमेरिकेतलाच. त्याचं शास्त्रीय नाव प्लुमेरिया. प्ल्युमिएच्या नावाचं झाड ते हेच. आपल्याकडे तो उघड्यावर सुखाने वाढतो, पण लंडनमध्ये त्यालाही हिवाळा काचेआडच काढावा लागतो. तुमच्या फ्युशियालाही तेवढी खिडकी द्या.