पाय फिरले आणि अक्षर सुधारलं

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात दर जुलैत हजारो हौशी सायकलस्वार पश्चिमेच्या मिसुरी नदीकडून निघतात आणि आठवडाभरात पूर्वेची मिसिसिपी गाठतात. २००३ साली त्या घोळक्यात दोघांनी मिळून चालवायची एक टँडम सायकल होती. पुढच्या सीटवर होते जे अल्बर्ट्स, पार्किन्सन्सचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ. मागच्या सीटवर होत्या त्यांच्या परिचयातल्या एक बाई, ज्यांना स्वतःला पार्किन्सन्स होता. हा आजार झाला तरी माणूस किती काय करू शकतो हे लोकांना दिसावं, एवढाच हेतू होता. संशोधन कुणाच्या मनातही नव्हतं. वाटेत त्या बाईंनी एक वाढदिवसाचं कार्ड लिहिलं आणि अल्बर्ट्स ते बघतच राहिले. अक्षर स्वच्छ, मोठं, सहज वाचता येईल असं होतं.

यात नवल कसलं, ते ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना लगेच कळेल. पार्किन्सन्समध्ये अक्षर बारीक होत जातं. ओळीचा पहिला शब्द बरा येतो, पुढचा लहान, त्यापुढचा आणखी लहान, आणि शेवटी मुंगीएवढी टिंबं उरतात. बँकेत सही जुळत नाही, ती यामुळेच. त्या आठवड्यात हातांनी काय केलं होतं? फक्त हँडल धरलं होतं. राबले होते ते पाय, आणि सुधारलं ते बोटांचं काम.

हे समजायला हा आजार मेंदूत काय करतो ते आधी पाहू. मध्यमेंदूत काळपट पेशींचा एक छोटा पट्टा असतो, त्याला सब्स्टॅन्शिया नायग्रा म्हणतात. निरोगी मेंदूचा छेद घेतला तर हा काळेपणा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. या पेशी डोपामिन तयार करतात आणि ते मेंदूच्या आत खोलवर असलेल्या केंद्रांना पोचवतात. शर्टाचं बटण लावणं, चालताना हात हलवणं, खुर्चीतून उठणं अशा विचार न करता होणाऱ्या हालचाली त्यावर चालतात. पार्किन्सन्समध्ये त्या पेशी मरत जातात आणि पट्टा फिका पडतो. हात थरथरायला लागतो किंवा पाऊल घसटायला लागतं, तोवर यातल्या पुष्कळ पेशी गेलेल्या असतात. लेव्होडोपाची गोळी डोपामिनची उणीव भरून काढते आणि तिचं मोल कुणी कमी लेखू नये. पण गोळीचा असर ओसरला की शरीर पुन्हा जखडतं. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात. गोळी लागू असतानाचा ‘ऑन’ आणि ती ओसरल्यावरचा ‘ऑफ’ हे शब्द तिथल्या कुठल्याही शुभार्थीला समजावून सांगावे लागत नाहीत.

आता त्या सायकलकडे परत येऊ, कारण खरी गंमत तिच्या साखळीत आहे. टँडमवर पुढची आणि मागची पायडलं एका साखळीनं जोडलेली असतात. पुढचा माणूस ज्या वेगानं पाय फिरवेल त्याच वेगानं मागच्याचे फिरणार. पार्किन्सन्सचा माणूस आपल्या मनानं पायडल मारतो तेव्हा त्याची गती संथ असते. मेंदूच तिला लगाम घालतो. अल्बर्ट्स यांच्या मागे बसून त्या बाईंचे पाय मात्र त्यांना एकटीला कधीच जमला नसता अशा वेगानं फिरत होते. त्या नुसत्या बसून नव्हत्या, जोरही लावत होत्या. फक्त मंदावण्याची मुभा नव्हती.

अल्बर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग याची रीतसर परीक्षा घेतली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला तो प्रयोग अगदी लहान, १० जणांचा होता. काहींनी आपल्या गतीनं सायकल मारली. काहींना टँडमवर प्रशिक्षकाच्या मागे बसवून त्यांच्या स्वतःच्या गतीपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त वेगानं पाय फिरवायला लावले. ८ आठवड्यांनी दोन्ही गटांचा दमसास सारखाच वाढला होता. पण हालचालींच्या तपासणीत वेगवान गट ३५ टक्क्यांनी सुधारला, दुसरा जवळजवळ होता तिथेच राहिला. हातांचं कौशल्यही वाढलं ते त्याच वेगवान गटाचं. पुढे मेंदूची एमआरआय चित्रं काढली, तेव्हा अशा सायकलिंगनंतरचा मेंदू गोळी घेतल्यानंतरच्या मेंदूसारखा काम करताना दिसला. हे वाचून मी बराच वेळ थांबले. पायांनी गोळीसारखं काम करावं!

१० जणांवरून मोठा निष्कर्ष काढता येत नाही, म्हणून पुढचं काम मला जास्त मोलाचं वाटतं. ते नेदरलँड्समधल्या नायमेखन गावी झालं. पण त्याआधी तिथल्या एकाच माणसाची गोष्ट. तिथले मेंदूविकारतज्ज्ञ बास ब्लूम यांच्याकडे ५८ वर्षांचे एक गृहस्थ आले. पार्किन्सन्स १० वर्षांचा जुना. पाऊल उचलायला गेलं की पाय जमिनीला चिकटल्यासारखे. आधार देऊनही चार पावलांत तोल जाई. हे गृहस्थ म्हणाले, मी सायकल चालवतो. डॉक्टरांचा विश्वास बसेना. त्यांना सायकल दिली आणि ते रस्त्यावरून सफाईनं फेरी मारून, वळून परत आले. खाली उतरताच पाय पुन्हा थिजले. २०१० मध्ये हे उदाहरण चित्रफितीसह न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलं. फिरतं पायडल पायाला बाहेरून ताल देतं आणि आत हरवलेल्या तालाची गरज भागवतं, असा एक तर्क आहे.

त्याच गावातून २०१९ मध्ये १३० रुग्णांच्या चाचणीचा अहवाल आला. निम्म्यांच्या घरी व्यायामाची स्थिर सायकल ठेवली, समोर पडद्यावर खेळ. आठवड्यातून ३ वेळा, ३० ते ४५ मिनिटं, श्वास वाढेल इतक्या जोरानं. उरलेल्यांना स्नायू ताणण्याचे हलके व्यायाम दिले. ६ महिन्यांनी, गोळीचा असर नसताना तपासलं, तर दोन गटांत हालचालींच्या मोजपट्टीवर ४.२ गुणांचा फरक होता. हलका व्यायाम करणारे खालावले होते, सायकलवाले बरेचसे जागेवर टिकले होते. सतत उतरणीला लागलेल्या आजारात जागेवर टिकणं ही मोठी कमाई आहे.

मेंदूत काय घडलं, तेही त्यांनी पाहिलं. डोपामिन ज्या केंद्रांत पोचतं त्यातल्या प्युटामेनचा मागचा भाग आधी कोरडा पडतो, पुढचा भाग बराच काळ तग धरतो. व्यायाम केलेल्यांत या पुढच्या भागाचा हालचाली घडवणाऱ्या मेंदूच्या सालीशी संबंध घट्ट झाला होता. पुण्यात लक्ष्मी रोड बंद असला की रिक्षावाले जसे पेठांतल्या गल्ल्या धरतात, तसा मेंदू शाबूत राहिलेल्या वाटेनं वाहतूक वळवू लागला होता. मेंदूची झीजही या गटात कमी दिसली. साठीतला, आजारानं पोखरलेला मेंदू नव्या वाटा काढतो, यापेक्षा आशेची बातमी मला ठाऊक नाही.

जोर किती हवा? अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अजून औषध सुरू न झालेले १२८ जण होते. हृदयाच्या कमाल गतीच्या ८० ते ८५ टक्क्यांपर्यंत जाऊन ट्रेडमिलवर चालणाऱ्यांचा आजार ६ महिन्यांत जवळपास वाढला नाही. नेहमीसारखं आयुष्य जगणाऱ्यांचा ३ गुणांनी वाढला. मरणाऱ्या पेशी व्यायामानं वाचतात, याचे पुरावे उंदरांत मिळाले आहेत. माणसांत ते शोधण्याचं काम चालू आहे.

म्हणून एक गोष्ट मनापासून सांगते. आपल्याकडे बाबांना हात धरून सावकाश बागेपर्यंत नेतात, बाकावर बसवतात आणि व्यायाम झाला असं समजतात. त्या मागची माया खरी आहे. पण वरच्या दोन मोठ्या चाचण्यांत फरक पडला तो श्वास वाढेपर्यंत केलेल्या श्रमानं. बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका श्वास वाढायला हवा. असं किमान ३० मिनिटं, आठवड्यातून ३ दिवस, ही आजची शिफारस आहे. पडण्याची भीती असेल तर पाठीला टेकण असलेली घरातली सायकल बरी. गोळी लागू पडलेली असतानाची वेळ निवडावी. उठल्यावर रक्तदाब घसरून चक्कर येत असेल तर आधी ते सांभाळावं. काहींमध्ये आजारामुळे किंवा रक्तदाबाच्या औषधांमुळे नाडी हवी तेवढी वाढतच नाही. त्यांनी घड्याळातल्या आकड्यापेक्षा आपल्या दमण्याकडे लक्ष द्यावं. आणि सुरुवात करण्याआधी, पुढच्या तपासणीला जाताना, गोळ्यांच्या यादीखाली एक प्रश्न लिहून न्यावा: माझं हृदय तपासून सांगा, मी किती जोरानं पायडल मारू?