काठावरची मते कोणाची?

२००८ च्या पुनर्रचनेत शिरूर तालुक्यातील ३९ गावे आंबेगाव मतदारसंघाला जोडली गेली आणि पाबळ, टाकळी हाजी पट्ट्यातील आमचा समाज दिलीप वळसे पाटील यांचा मतदार झाला. १९९० पासून २०२४ पर्यंत ते सलग आठ वेळा निवडून आले. ऊर्जा, अर्थ, सहकार ही खाती त्यांनी सांभाळली. २००९ ते २०१४ ते विधानसभेचे अध्यक्ष होते, तर २०२१-२२ मध्ये गृहमंत्री.

याच शिरूर तालुक्यात कोरेगाव भीमा आहे. १ जानेवारी २०१८ रोजी तेथे आमच्या बांधवांवर हल्ले झाले, चौकशी आयोग बसला. वळसे पाटील गृहखाते सोडेपर्यंत त्या आयोगाचा अंतिम अहवाल आला नव्हता. आयोग स्वतंत्र असतो, हे आम्ही जाणतो. पण आयोगाला मुदतवाढ सरकारच देते, म्हणून जाब सरकारलाच विचारायचा.

तो कशाच्या बळावर? आकडे पाहा. २०१९ ला ६६ हजारांहून अधिक मतांनी जिंकलेले वळसे पाटील २०२४ ला अवघ्या १,५२३ मतांनी तरले. शेजारच्या दौंडमध्ये २०१९ ला राहुल कुल ७४६ मतांनी आले. एवढी मते चार-दोन वस्त्यांत निघतात!

समाजमंदिराच्या फरशीवर ही मते देऊन टाकायची, की शिष्यवृत्ती, गायरान जमिनी आणि अॅट्रॉसिटीच्या खटल्यांचा हिशेब आधी मागायचा? बाबासाहेबांनी मताचा अधिकार मिळवून दिला. त्याची किंमत पुढाऱ्यांना कळली आहे. वस्तीला कधी कळणार?