मुलगा की मुलगी? मांगाचं उत्तर

जपानी चित्रकथांना, म्हणजे मांगांना, हा प्रश्न नवा नाही. ओसामु तेझुका यांची ‘रिबन नो किशी’ 1953 साली सुरू झाली. तिच्यातल्या राजकन्या सफायरला मुलाचं आणि मुलीचं अशी दोन्ही हृदयं आहेत. मुलीला गादी मिळत नाही, म्हणून ती राजपुत्र बनून वावरते. तेझुकांचं बालपण ताकाराझुका गावात गेलं. तिथल्या प्रसिद्ध नाट्यसंस्थेत पुरुषांच्या भूमिकाही स्त्रियाच करतात; त्याची छाप सफायरवर उघड दिसते. पण हे सारं वेशांतर झालं.

पुढे 1981 मध्ये हिसाशी एगुची यांनी ‘स्टॉप!! हिबारी-कुन!’ काढली. याकुझा टोळीच्या म्होरक्याचं, मुलगा म्हणून जन्मलेलं अपत्य, हिबारी, मुलगी म्हणून राहतं, आणि बरेचसे विनोद त्यावरच बेतलेले. तरी हिबारी कुणापुढे दबत नाही, हे त्या काळात थोडकं नव्हे.

खरी कलाटणी दिली ताकाको शिमुरा यांच्या ‘होरो मुसुको’ने (2002-2013). पाचवीतल्या शुइचीला मुलगी व्हायचंय, तर त्याच्या वर्गातल्या योशिनोला मुलगा. इथे ना तलवारी, ना टाळ्यांचे विनोद. आवाज फुटण्याची धास्ती आहे. शुइची मुलींचा गणवेश घालून शाळेत जातो तेव्हा हसं होतं, आणि तो वर्गाऐवजी शाळेच्या आरोग्यकक्षात बसू लागतो. या विषयावर एकच मांगा वाचायची असेल, तर हीच वाचावी.