चित्रकथ्यांच्या पोथ्या व त्यांतील पानांचा क्रम

प्रेक्षकाच्या इच्छेप्रमाणें वळण घेणारी कल्पित कथा संगणकावर रचण्याची विद्या हल्लीं अगदीं नवीन म्हणून वाखाणली जाते. अमेरिकेंत विल क्राउथर यानें इ. स. १९७६ च्या सुमारास गुहेंतील प्रवासाची अशी एक कथा संगणकांत घातली. वाचकानें आज्ञा द्यावी आणि कथेनें त्या वाटेनें पुढें जावें, असा तिचा प्रकार होता. तिच्या नवलाईविषयीं आम्हांस वाद घालावयाचा नाहीं. परंतु सांगणारा, ऐकणारा आणि दोहोंमध्यें एक साधन, यांच्या देवघेवींतून कथा घडविण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. आणि तें साधन संग्राहकांच्या पेट्यांत आजही पडून आहे. तें म्हणजे चित्रकथ्याची पोथी.

चित्र दाखवून कथा सांगणाराचा निर्देश कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (इ. स. ११२६–११३८) याच्या 'मानसोल्लास' ग्रंथांत आढळतो. ही कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यांतील आजचें बसवकल्याण. कळमनुरी तालुक्यांतील डोंगरकडा व हें स्थळ आज दोन प्रांतांत पडलीं असलीं तरी १९४८ पर्यंत तीं एकाच निजामी राज्यांत होतीं, हें मराठवाड्यांतील संशोधकांनीं विसरूं नये. ज्यांस 'पैठणी चित्रें' म्हणतात, त्या पानांच्या नांवांतही गोदाकांठचेंच गांव आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत अशीं पानें आहेत. ॲना दल्लापिकोला या विदुषीनें त्यांच्या शैलीवर १९८० सालीं जर्मन भाषेंत स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. मात्र पोथी हातीं घेऊन कथा सांगणारे लोक पहावयाचे झाल्यास कुडाळ तालुक्यांतील पिंगुळी येथेंच जावें लागतें. तेथील ठाकर समाजानें ही कला, कळसूत्री व चामड्याच्या बाहुल्यांसह, टिकविली आहे. याच कार्यासाठीं श्री. परशुराम गंगावणे यांस २०२१ सालीं पद्मश्री मिळाली.

'पोथी' हा शब्द येथें थोडा फसवा आहे. आपण ज्यांस पोथी म्हणतों तींत अक्षरें मुख्य असतात. या पोथींत कथेचा मजकूर लिहिलेलाच नसतो. ती म्हणजे सुट्या चित्रांचा गठ्ठा. प्रत्येक पान सुमारें एक फूट उंच व सव्वा फूट रुंद, आणि एका आख्यानाचा एक गठ्ठा. विषय बहुधा रामायण-महाभारतांतील. परंतु इंद्रजित, बभ्रुवाहन यांच्यासारखीं जीं आख्यानें लोकांस विशेष प्रिय, त्यांकडे ओढा अधिक.

आतां जी गोष्ट बहुतेक सूचिकारांच्या नजरेंतून निसटते ती सांगतों. हीं चित्रें सामान्यतः पाठीस पाठ लावून दोन-दोन चिकटविलेलीं असतात. पुढील बाजूस एक प्रसंग, मागील बाजूस त्याच्या नंतरचा. कथेकरी पान प्रेक्षकांकडे धरतो, वीणा, टाळ व हुडुक यांच्या साथीनें प्रसंग गातो, बोलतो, आणि पान उलटतांच पुढचा प्रसंग समोर येतो. जपानांतील 'कामिशिबाई' या चित्रकथेंत पानाच्या पाठीवर सांगावयाचा मजकूर असतो. आपल्याकडे पाठीवरही चित्रच! म्हणजे शब्द सर्वस्वीं कथेकऱ्याच्या कंठांत राहिले. यामुळेंच त्यास मोकळीक मिळाली. श्रोते रंगले तर एकाच चित्रावर युद्ध लांबवावें, रात्र सरत आली तर तीन पानें भराभर उलटावीं. चित्रांचा क्रम ठरलेला व शब्द मोकळे, अशी ही रचना आहे. १८९२ सालीं कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनीं 'शांबरिक खरोलिका' या नांवानें दिव्याच्या उजेडांत कांचेवरील चित्रें पडद्यावर पाडून कथा दाखविल्या, तेव्हां शब्दही माणसाच्याच तोंडचे होते. चित्र व शब्द एकाच फितींत कायमचे जखडले गेले ते पुढें, बोलपटाच्या काळांत.

असें असतां ही पोथी संग्रहांत आली कीं तिचें काय होतें? एकेक पान सुटें विकलें जातें, कांचेंत बसतें, भिंतीवर चढतें. त्याची मागील बाजू पुठ्ठ्यास लागून कायमची आंधळी होते. त्याहून वाईट म्हणजे एका पानाचीं दोन चित्रें व्हावींत, म्हणून जोड भिजवून उकलण्याचा मोह. सुबक चित्र मिळालें असें मालकास वाटतें. पण कोणता प्रसंग कोणाच्या पाठोपाठ येत होता, याचा पुरावा त्या जोडांतच होता. लिखित पोथीचीं पानें विस्कटलीं तर वाक्याच्या सांध्यावरून तीं लावतां येतात. येथें सांधा म्हणजे ती खळच, आणि ती एकदां धुवून गेली कीं गेली.

म्हणून डोंगरकड्यास किंवा अन्यत्र एखाद्या घरच्या माळ्यावर असा गठ्ठा सांपडल्यास प्रथम तो सोडूं नये. बांधलेला आहे तसा त्याचा फोटो घ्यावा. मग वरून खालीं एकेक पान, दोन्ही बाजूंनीं टिपावें; अनुक्रमांक चित्रावर न घालतां वेष्टनाच्या कागदावर घालावा. फाटलेल्या जागीं चिकटपट्टी लावूं नये. गुंडाळलेलें फडकेंही जपावें. कडा कोठें अधिक काळवंडल्या आहेत तें लिहून ठेवावें. कोणतें पान किती हाताळलें गेलें, याचा अदमास त्यावरून बांधतां येतो.

संगणकाचा खरा उपयोग आम्हांस येथें दिसतो. दोन्ही बाजू जोडून ठेवल्या, तर पाहणारास पान पडद्यावर उलटतां येईल, आणि मूळ कागदास हात लागणार नाहीं. त्यासोबत कथेकऱ्याचा आवाज घालावयाचा झाल्यास एकाच प्रयोगाचा घालूं नये. एकच घातला कीं तोच प्रमाणपाठ समजला जातो, आणि ज्या मोकळिकीसाठीं ही पोथी अक्षरांवांचून राहिली तीच नाहींशी होते. निदान दोन-तीन प्रयोग, निरनिराळ्या श्रोत्यांपुढचे, त्याच चित्रांस जोडावे, आणि प्रत्येकाची तिथि, गांव व कथेकऱ्याचें नांव त्यावर असावें.