मुरमाची वाट, तलावाचा काठ

मुंबई, प्रतिनिधी -

खारदांड्याच्या कोळीवाड्यातून पहाटे सायकल घेऊन निघालेल्या माणसाला कार्टर रोडचा किनारा काही मिनिटांतच गाठता येतो. मात्र ज्या वाटेवर मोटारी नाहीत, डांबराऐवजी मुरूम आहे आणि एका अंगाला तळे, तर दुसऱ्या अंगाला टेकडी आहे, अशी वाट हवी असेल तर त्याला पश्चिम द्रुतगती महामार्ग ओलांडून पवई, आरे किंवा बोरिवलीकडे वळावे लागते. परदेशात 'ग्रॅव्हल बायकिंग' या नावाने रूढ झालेला हा सायकलिंगचा प्रकार मुंबईत कुठे करता येईल, असा प्रश्न हौशी सायकलस्वारांना पडतो. त्याचे उत्तर शोधताना पवई तलावाविषयीच्या एका न्यायालयीन निकालापाशी यावेच लागते.

ग्रॅव्हल म्हणजे खडी किंवा मुरूम. या सायकलीचा सांगाडा शर्यतीच्या सायकलीसारखा आणि हँडलही तसेच खाली वळलेले असते. फरक असतो तो चाकांत. शर्यतीच्या सायकलीचे टायर साधारण २५ ते २८ मिलिमीटर रुंद असतात, तर ग्रॅव्हल सायकलीचे ३५ ते ५० मिलिमीटर. त्यांत हवाही कमी भरतात, त्यामुळे सुट्या खड्यांवर चाक उसळत नाही, जमिनीला धरून राहते. माउंटन बाइकप्रमाणे जड स्प्रिंगांची गरज बहुधा भासत नाही. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात २००६ साली सुरू झालेल्या सुमारे दोनशे मैलांच्या शर्यतीने या प्रकाराला नाव मिळवून दिले. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने २०२२ साली इटलीत ग्रॅव्हल सायकलिंगची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा घेतली. अर्थात शर्यत हा त्याचा एक भाग झाला. बहुतेकांना यातून हवी असते ती मोटारींच्या भोंग्यांपासून सुटका. त्यासाठी महागडी सायकलच हवी असे नाही. रुंद टायरची साधी सायकलही मुरमावर उत्तम चालते.

मुंबईत अशा वाटेसाठी सर्वप्रथम डोळ्यांसमोर येतो तो पवई तलाव. १८९१ च्या सुमारास बांधलेल्या या तलावाचे पाणी पिण्यासाठी वापरले जात नाही. दक्षिणेला आदि शंकराचार्य मार्गाची अखंड वर्दळ, उत्तरेला आयआयटीचा परिसर आणि पलीकडे विहारच्या टेकड्या. तलावाला वळसा घालणारा सुमारे दहा किलोमीटरचा सायकल व जॉगिंग मार्ग बांधण्याची योजना मुंबई महापालिकेने आखली आणि २०२१ साली कामही सुरू झाले. लोखंडी जाळ्यांत दगड भरून ते काठावर रचायचे आणि त्यावर मार्ग करायचा, अशी ही 'गॅबियन' पद्धत. दगडांच्या फटींतून पाणी वाहते राहील, त्यामुळे तलावाला धोका नाही, असे पालिकेचे म्हणणे होते.

आयआयटीतील संशोधक विद्यार्थ्यांनी याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. ६ मे २०२२ रोजी न्यायालयाने हे काम बेकायदा ठरवले, तलावक्षेत्रात पुढे कोणतेही बांधकाम करण्यास पालिकेला मनाई केली आणि झालेले बांधकाम काढून जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. पाणथळ जागांच्या संवर्धनासाठी केंद्राने २०१७ साली केलेले नियम या निकालाच्या मुळाशी होते. या नियमांनुसार पाणथळीत भराव घालता येत नाही आणि कायमस्वरूपी बांधकामही करता येत नाही.

सायकल हे प्रदूषण न करणारे वाहन; मग तिच्या मार्गाला पर्यावरणाच्या नावाने विरोध कशासाठी, असा सवाल त्या वेळी अनेकांनी केला. वरवर पाहता तो रास्त वाटतो. परंतु तलावाचा काठ म्हणजे पाणी आणि जमीन यांच्यामधली रिकामी पट्टी नव्हे. पावसाळ्यात पाणी त्यावर चढते, उन्हाळ्यात उतरते. या उथळ, चिखलाळ भागात पाणपक्षी चरतात. पवईत मगरी आहेत. मगर थंड रक्ताची. अंग तापवण्यासाठी तिला उन्हात पडून राहण्याजोगा उतरता काठ लागतो आणि अंडी घालण्यासाठी मऊ जमीन. नेमक्या याच पट्टीवर दगडांचा बांध घातला, तर वरून सायकल जाते की मालमोटार, याने मगरीला फारसा फरक पडत नाही. शिवाय मार्ग झाला की दिवे येतात, बाकडी येतात, खाद्यपदार्थांच्या गाड्या येतात. खऱ्या मुरमाच्या वाटेला यातले काहीच लागत नाही. सह्याद्रीच्या काळ्या बसाल्ट खडकाची झीज होऊन जो मुरूम तयार होतो, तो बैलगाडीच्या आणि पायांच्या रहदारीने आपोआप दाबला जातो. ग्रॅव्हल सायकलचा जन्मच मुळी आधीपासून असलेल्या कच्च्या रस्त्यांसाठी झाला आहे, हे पवईच्या वादात दोन्ही बाजूंकडून फारसे बोलले गेले नाही.

मग उरते काय? पवईच्या पलीकडचे विहार आणि तुळशी हे तलाव अनुक्रमे १८६० आणि १८७९ सालचे. मुंबईच्या पिण्याच्या पाण्यात त्यांचा आजही वाटा असल्याने त्यांच्या काठावर सर्वसामान्यांना मुक्त प्रवेश नाही आणि तो नसावा हेच बरे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात बोरिवलीच्या प्रवेशद्वारापासून कान्हेरी लेण्यांकडे जाणारा रस्ता झाडीतून चढत जातो. तो डांबरी असला, तरी चढाची हौस भागवतो. खारदांड्याहून तिथवर सायकल दामटण्याची आवश्यकता नाही. मेट्रोच्या २ अ आणि ७ या मार्गिकांवर सायकल सोबत नेण्याची सोय २०२२ मध्ये करण्यात आली. अंधेरी पूर्वेच्या गुंदवली स्थानकात चढून राष्ट्रीय उद्यान स्थानकात उतरता येते.

त्याच मार्गिकेवरून आरे वसाहतही जवळ पडते. तेथील मुख्य रस्ता गोरेगाव आणि पवई यांच्यातील जवळची वाट बनल्याने त्याला वाहनमुक्त म्हणणे धाडसाचे ठरेल. आतल्या कच्च्या वाटा मोहक असल्या, तरी त्या आदिवासी पाड्यांच्या येण्याजाण्याच्या आहेत आणि बिबट्याच्याही. ऑक्टोबर २०२२ मध्ये याच वसाहतीत बिबट्याच्या हल्ल्यात एका लहान मुलीचा मृत्यू झाला. त्यामुळे अंधार असताना, एकट्याने, कानांत गाणी लावून तिथे सायकल चालवू नये. पावसाळ्यातही या वाटा टाळलेल्या बऱ्या. ओल्या मुरमात चाकांनी पडलेल्या चऱ्यांतून पाणी वाहते आणि वाट धुपते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्यासाठी उत्तम.

निसर्गाला नव्याने धक्का न लावता वाहनमुक्त मार्ग देणारी एक कल्पना पालिकेकडेच होती. तानसाच्या जलवाहिन्यांलगतची अतिक्रमणे उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार हटवल्यावर दोन्ही बाजूंचा दहा मीटरचा पट्टा मोकळा राहावा, म्हणून तेथे सायकल मार्ग करण्याचे ठरले. 'हरित वारी जलतीरी' असे या ३९ किलोमीटरच्या योजनेचे नाव. मुलुंडपासून शहराकडे येणाऱ्या या पट्ट्यावर जमीन आधीच मोकळी झालेली होती. भराव घालायचा नव्हता आणि मगरही उठवायची नव्हती. हा मार्ग सलग मिळाला असता, तर पूर्व उपनगरांतील मुलांना शाळेलाही सायकलने जाता आले असते. पवईच्या काठाला जेवढी घाई झाली, तेवढी इथे झाली नाही.

खारदांडेकरांपुरते बोलायचे, तर त्यांच्या दाराशी एक प्रयोग होऊन गेला आहे. तत्कालीन पोलीस आयुक्त संजय पांडे यांच्या काळात २७ मार्च २०२२ रोजी 'संडे स्ट्रीट्स' हा उपक्रम सुरू झाला. रविवारी सकाळी काही तास शहरातील निवडक रस्ते वाहनांना बंद ठेवायचे, अशी ही योजना. त्यांत कार्टर रोड होता आणि मुलुंडचा तानसा जलवाहिनीलगतचा रस्ताही. लहान मुले, ज्येष्ठ नागरिक, स्केटिंग करणारे, सायकलस्वार अशा साऱ्यांनी रस्ता भरून गेला. यासाठी लागले ते अडथळे आणि काही पोलीस. एक वीटही रचावी लागली नाही. कार्टर रोडला मुरूम नाही, टेकडी म्हणावी तर पाली हिलचा चढ तेवढा. तेव्हा असा रविवार पुन्हा लाभला, तर मुरमासाठी चाकांतली कमी केलेली हवा मात्र पुन्हा भरून घ्यावी लागेल.