न्यायालयातील व्यावसायिक अभिलेखांची गोपनीयता

न्यायालयातील व्यावसायिक अभिलेखांची गोपनीयता : दाव्याच्या कामकाजात दाखल झालेली व्यापारविषयक कागदपत्रे सर्वसामान्य लोकांना पाहता येऊ नयेत, म्हणून ती मोहोरबंद ठेवण्याविषयीची न्यायालयीन व्यवस्था. हिशेबाची पुस्तके, करारपत्रे, ग्राहकांच्या याद्या, उत्पादनाची कृती, किंमत ठरविण्याची गणिते, बँकेशी झालेला पत्रव्यवहार इ. कागदपत्रांचा अंतर्भाव व्यावसायिक अभिलेखांत होतो. कंपनीच्या दप्तरात असेपर्यंत ती खाजगी असतात. परंतु पुरावा म्हणून ती न्यायालयासमोर आली, म्हणजे ती निकालाचा आधार बनतात. निकाल कोणत्या आधारावर दिला गेला, हे जाणून घेण्यात समाजाचा हितसंबंध गुंतलेला असतो. म्हणून खुलेपणा हा नियम व गोपनीयता हा अपवाद, असे तत्त्व इंग्‍लंड, अमेरिकेची संयुक्त संस्थाने व भारत या देशांत मान्य झालेले आहे. हा अपवाद कोणत्या कारणासाठी, किती मर्यादेत आणि किती काळापुरता मान्य करावयाचा, हा या विषयातील मुख्य प्रश्न होय.

तत्त्व व त्याचा अपवाद : ‘स्कॉट वि. स्कॉट’ (१९१३) हा दावा विवाहाच्या शून्यतेविषयीचा होता. तथापि त्यात इंग्‍लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्‌सने मांडलेले तत्त्व सर्व प्रकारच्या दाव्यांना आधारभूत ठरले. केवळ पक्षकारांना संकोच वाटतो किंवा त्यांची त्यास संमती आहे, एवढ्या कारणावरून सुनावणी बंद दालनात घेता येत नाही. मात्र खुल्या सुनावणीमुळे न्यायदानाचा हेतूच विफल होणार असेल, तर अपवाद करता येतो, असे त्यात सांगितले गेले. अशा अपवादाचे उदाहरण म्हणून गुप्त उत्पादनप्रक्रियेविषयीच्या दाव्याचा उल्लेख करण्यात आला. या उदाहरणामागील तर्क स्पष्ट आहे. ‘मॉरिसन वि. मोट’ (१८५१) या जुन्या दाव्यात एका औषधाच्या गुप्त कृतीचा वापर करण्यास न्यायालयाने प्रतिवादीस मनाई केली होती. अशा दाव्यात ती कृतीच भर न्यायालयात वाचून दाखविली गेली, तर निकाल वादीच्या बाजूने लागूनही त्याच्या हाती काही उरत नाही. ज्या वस्तूचे रक्षण मागितले, तीच वस्तू सुनावणीत नाहीशी होते.

यावरून संरक्षणयोग्य माहितीची कसोटी निघते. जिचे मूल्य ती गुप्त असण्यातच आहे, जी गुप्त राखण्यासाठी मालकाने वाजवी खबरदारी घेतली आहे आणि जी उघड झाल्यास प्रतिस्पर्ध्यास आयता लाभ मिळेल, अशा माहितीस संरक्षण मिळू शकते. उलट लबाडी, निष्काळजीपणा किंवा सदोष माल उघडकीस येऊन नाव खराब होईल, ही भीती मोहोर लावण्यास पुरेसे कारण ठरत नाही. दोन्ही प्रसंगी व्यापाऱ्याचे नुकसान होते हे खरे. पण पहिल्यात त्याच्या मालमत्तेची हानी होते, तर दुसऱ्यात केवळ सत्याचा परिणाम होतो.

अमेरिकेची संयुक्त संस्थाने : या देशात याविषयीचा निर्णयविधी विपुल आहे. ‘निक्सन वि. वॉर्नर कम्युनिकेशन्स’ (१९७८) या प्रकरणात तेथील सर्वोच्च न्यायालयाने न्यायालयीन अभिलेख पाहण्याचा व त्यांच्या नकला घेण्याचा लोकांचा हक्क मान्य केला. त्याचबरोबर हा हक्क निरपवाद नाही आणि पक्षकाराच्या व्यापारी स्पर्धेतील स्थानास बाध आणणाऱ्या माहितीचे उगमस्थान म्हणून आपल्या दप्तराचा उपयोग होऊ देण्यास न्यायालये नकार देऊ शकतात, हेही नमूद केले.

तेथे दोन टप्प्यांत भेद केला जातो. सुनावणीपूर्वी पक्षकारांनी परस्परांना दाखविलेली कागदपत्रे संघराज्य दिवाणी प्रक्रियेच्या २६ व्या नियमान्वये तुलनेने सहज संरक्षित करता येतात. मात्र तीच कागदपत्रे निर्णयासाठी न्यायालयात दाखल झाली, की अधिक सबळ कारण दाखवावे लागते. सिगारेटमधील टारच्या मोजणीविषयीच्या ‘ब्राउन अँड विल्यम्सन वि. फेडरल ट्रेड कमिशन’ (१९८३) या दाव्यात कंपनीच्या लौकिकास धक्का लागेल, हे कारण सहाव्या मंडल अपील न्यायालयाने अपुरे ठरविले व खालच्या न्यायालयाने लावलेली मोहोर काढली. ज्या विषयाचा लोकांच्या आरोग्याशी संबंध आहे, त्यात गोपनीयतेची मागणी अधिक कठोरपणे तपासली पाहिजे, हे या निर्णयावरून दिसून येते. याउलट ‘ॲपल वि. सॅमसंग’ (२०१३) या प्रकरणात वस्तूंचा उत्पादनखर्च व नफ्याचे प्रमाण यांचे तपशीलवार आकडे मोहोरबंद ठेवण्यास फेडरल सर्किट अपील न्यायालयाने संमती दिली. कारण ते उघड झाल्यास स्पर्धक व पुरवठादार यांना त्यांचा उपयोग झाला असता, आणि वादाचे स्वरूप समजून घेण्यास लोकांना त्यांची आवश्यकता नव्हती.

गोपनीयता म्हणजे प्रतिपक्षापासून लपविण्याचा हक्क नव्हे. कोका-कोला कंपनी व तिचे बाटलीबंद पेय तयार करणारे कंत्राटदार यांच्यातील वादात डेलावेअर येथील संघराज्य न्यायालयाने १९८५ मध्ये त्या पेयाची गुप्त कृती संरक्षक अटींखाली प्रतिपक्षास दाखविण्याचा आदेश दिला होता. सार्वजनिक धोक्याची माहिती मोहोरेखाली दडू नये, म्हणून फ्लॉरिडा राज्याने १९९० मध्ये स्वतंत्र कायदा केला.

भारत : दिवाणी प्रक्रिया संहितेत १९७६ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम १५३-ब नुसार दाव्याची सुनावणी होते ते स्थान खुले न्यायालय समजले जाते, मात्र लोकांना प्रवेश नाकारण्याचा अधिकार न्यायाधीशास आहे. या विषयावरील मूलभूत निर्णयाचा उगम मुंबईत झाला. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाच्या संपादकाविरुद्धच्या अब्रूनुकसानीच्या दाव्यात, आपली आधीची साक्ष वृत्तपत्रांत आल्याने धंद्यात नुकसान झाले, अशी तक्रार एका साक्षीदाराने केली. तेव्हा न्या. वि. म. तारकुंडे यांनी त्याच्या पुढील साक्षीच्या प्रसिद्धीस तोंडी आदेशाने मनाई केली. या आदेशाविरुद्ध वार्ताहरांनी केलेले अर्ज सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ‘नरेश श्रीधर मिरजकर वि. महाराष्ट्र राज्य’ (१९६६) या निर्णयाने फेटाळले. खुली सुनावणी हा नियम असला, तरी न्यायदानासाठी आवश्यक असल्यास प्रसिद्धी रोखण्याचा अंगभूत अधिकार उच्च न्यायालयास आहे, असे मुख्य न्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी बहुमताच्या निर्णयात म्हटले. हा आदेश सुनावणीच्या काळापुरताच होता, असा अर्थही त्यांनी लावला. न्या. मु. हिदायतुल्ला यांनी भिन्नमत नोंदविले. धंद्यातील हानीच्या भीतीमुळे साक्षीदार सत्य सांगण्यास कचरेल, ही चिंता एकीकडे आणि साक्ष लोकांपुढे असल्यानेच साक्षीदार सत्यास धरून राहतो, हा विचार दुसरीकडे, असे या वादाचे स्वरूप आहे.

‘सहारा वि. सेबी’ (२०१२) या प्रकरणात, गुंतवणूकदारांच्या रकमेस तारण देण्याविषयीचा प्रस्ताव दूरचित्रवाणीवर प्रसृत झाल्याने हा प्रश्न पुन्हा उपस्थित झाला. प्रसिद्धी काही काळ पुढे ढकलण्याचा आदेश देता येतो. पण न्यायदानास खरा व मोठा धोका असला पाहिजे, अन्य सौम्य उपाय पुरेसा नसला पाहिजे आणि आदेश अल्पकाळाचा असला पाहिजे, असे पाच न्यायाधीशांच्या पीठाने ठरविले.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ८(१)(घ) नुसार व्यापारी गुपिते व स्पर्धात्मक स्थानास बाधक माहिती नाकारता येते. परंतु व्यापक लोकहितासाठी ती देणे आवश्यक असल्यास हा अपवाद लागू होत नाही. न्यायालयीन दप्तरातील कागदांच्या नकला तिऱ्हाइतास हव्या असल्यास त्याने या अधिनियमाऐवजी उच्च न्यायालयाच्या नियमांनुसार कारण देऊन अर्ज करावयाचा असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात म्हटले. व्यापारी गुपितांविषयी स्वतंत्र कायदा करावा, अशी शिफारस विधी आयोगाने आपल्या २८९ व्या अहवालात (२०२४) केली.

कार्यपद्धती : संपूर्ण प्रकरणास मोहोर लावण्यापेक्षा सौम्य उपाय अनेक आहेत. संवेदनशील ओळी झाकून उरलेला कागद खुला ठेवणे, संक्षिप्त सार्वजनिक प्रत दाखल करणे, सुनावणीचा तेवढाच भाग बंद दालनात घेणे इ. उपाय सामान्यतः योजले जातात. दिल्ली उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेच्या २०१८ च्या नियमांत ‘कॉन्फिडेन्शिॲलिटी क्लब’ या व्यवस्थेची तरतूद आहे. तीत पक्षकाराच्या नोकरीत नसलेले मोजके वकील व तज्ञ यांनाच कागद पाहता येतात.

याहून वेगळी अशी ‘सीलबंद लिफाफ्या’ची पद्धत भारतात रूढ झाली. तीत कागद केवळ लोकांपासून नव्हे, तर प्रतिपक्षापासूनही लपविला जातो. ‘टी. ताकानो वि. सेबी’ (२०२२) या निर्णयात, ज्याच्यावर कारवाई करावयाची त्यास चौकशी अहवालाचा संबंधित भाग दिला पाहिजे, तिऱ्हाइतांविषयीची माहिती तेवढी वगळता येईल, असे ठरले. ‘माध्यमम् ब्रॉडकास्टिंग’ (२०२३) प्रकरणात ही पद्धत नैसर्गिक न्यायास व खुल्या न्यायदानास बाधक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले.

गोपनीयता मागणाऱ्यानेच तिची आवश्यकता सिद्ध करावी, हानीचे स्वरूप मोघमपणे न सांगता कागदागणिक दाखवावे व न्यायालयाने आपली कारणे लेखी नोंदवावीत, अशी अपेक्षा असते. उभय पक्षांची संमती यास पुरेशी नसते; कारण ज्यांचा हक्क संकुचित होतो ते लोक त्या दाव्यात पक्षकार नसतात आणि त्यांच्या वतीने बोलणारे तेथे बहुधा कोणी नसते. ती जबाबदारी न्यायाधीशावर पडते. व्यापारी माहिती कालांतराने शिळी होते; दहा वर्षांपूर्वीच्या दरपत्रकाचा स्पर्धकास क्वचितच उपयोग होतो. त्यामुळे मोहोरेची मुदत ठरवून तिचा पुनर्विचार करणे इष्ट ठरते. कागद झाकला गेला, तरी निकाल व त्यामागील कारणे शक्य तितकी खुली राहिल्यास व्यापाऱ्याची मालमत्ता व न्यायालयावरील लोकांचा विश्वास या दोहोंचे रक्षण होऊ शकते.